सुट्या भागांची निवड आणि देशाची पहिली स्वयंभरण बंदूक

नागपूरच्या उत्तरेस सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या उंच काठावर वसलेले खापा हे कोष्ट्यांचे गाव जुन्या सरकारी दप्तरांत आढळते ते मुख्यतः हातमागाच्या कापडासाठी आणि १८६७ साली स्थापन झालेल्या नगरपालिकेसाठी. शस्त्रविद्येच्या इतिहासात त्याचा उल्लेख कोणी केलेला नाही, आणि तसा आग्रह मीही धरीत नाही. परंतु याच कन्हानच्या प्रवाहाबरोबर खाली गेले म्हणजे इंग्रजांनी १८२१ मध्ये उभारलेली कामठीची छावणी लागते, गावाच्या निकट गुमगावच्या खाणीतून निघणाऱ्या मँगनीजवाचून पोलादाचा कारखाना चालत नाही, आणि उत्तरेकडच्या सातपुड्याच्या पायथ्याशी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना मिळावा म्हणून कुणबी आजही तहसील-कचेरीची पायरी चढतो. बंदूक कोणी घडवावी, तिचे भाग कोठून आणावेत आणि ते कोणी जुळवावेत, या प्रश्नाचा इतिहास पाहावयास असे गाव मला राजधानीपेक्षा अधिक योग्य वाटते.

भोसल्यांच्या अमदानीत हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. मराठी मुलखात सर्वत्र चालणारी तोड्याची बंदूक म्हणजे लोहार, सुतार आणि खरीददार या तिघांच्या विचाराने सिद्ध होणारी वस्तू होती. लोखंडाची पट्टी तापवून गजाभोवती गुंडाळावयाची, घण घालून तिचे सांधे एकजीव करावयाचे आणि आतून घासून नळी सरळ करावयाची, हे लोहाराचे काम. तिला लाकडी कुंदा बसविणे हे सुताराचे. आणि नळी एका गावची, चाप दुसऱ्या ठिकाणचा, असा मेळ घालणे हे घेणाराच्या ऐपतीचे आणि पारखीचे. अशा बंदुकीचा कोणताही भाग दुसऱ्या बंदुकीस तंतोतंत बसत नसे, कारण प्रत्येक भाग त्या एकाच बंदुकीसाठी कानशीने घासून बसविलेला असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गारद्यांच्या कवायती पलटणींबरोबर चकमकीची विलायती बंदूक आली आणि महादजी शिंद्यांनी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा-बंदुकांचे कारखाने चालविले. परक्या नमुन्यातील उपयुक्त तेवढे घेऊन ते आपल्या भट्टीत उतरविण्याचा तो प्रयत्न आपल्या इतिहासात जेवढा गौरविला जावयास हवा होता, तेवढा गौरविला गेला नाही.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. त्यानंतरच्या सत्तावनच्या उठावाने धास्तावलेल्या सरकारने प्रथम १८६० चा आणि मग लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा केला. या दुसऱ्या कायद्याची परवान्याची सक्ती सर्वांच्या परिचयाची आहे. मला मात्र त्यातील व्याख्या अधिक दूरगामी वाटते, कारण हत्यार या संज्ञेत तिने बंदुका, संगिनी, तलवारी आणि भाले यांच्याबरोबर हत्यारांचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रेही घातली. ज्या देशात बंदूक म्हणजे ठिकठिकाणचे भाग जुळवून केलेली वस्तू होती, त्या देशात भागालाच हत्यार ठरविणे म्हणजे त्या कारागिरीच्या मुळावरच घाव घालणे होते. गावचा लोहार नांगराचा फाळ आणि विळा करीत राहिला. नळी ओढण्याची त्याची विद्या परवान्यावाचून गुन्हा ठरली आणि एकदोन पिढ्यांत विस्मृतीत गेली. या कायद्याचा सल नागपूरकरांच्या मनात किती खोल होता हे १९२७ साली दिसून आले: मंचरशा आवारी यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांनी उघड्या तलवारी घेऊन मिरवणुका काढल्या आणि हत्यारांचा कायदा मोडून कारावास पत्करला.

इकडे गावातील भट्ट्या विझत असता सरकारचे कारखाने वाढत होते. जबलपुरास १९०४ मध्ये तोफांच्या गाड्यांचा कारखाना निघाला, तेव्हा खापा आणि जबलपूर ही दोन्ही एकाच मध्यप्रांतात होती. बंगालमधील ईशापूर येथे त्याच सुमारास रायफलींचा कारखाना उभा राहिला, आणि तेथून निघालेली पॉइंट थ्री-नॉट-थ्री बोअरची ली-एनफील्ड दोन महायुद्धांत हिंदी शिपायाच्या खांद्यावर राहिली. या कारखान्यांनी आणलेली खरी क्रांती मोजमापाची होती. प्रत्येक भाग गेजला लावून तपासावयाचा, ठरलेल्या मर्यादेबाहेर केसभरही गेला तर बाद करावयाचा, म्हणजे हजारावी बंदूकही पहिलीच्या भागांनी दुरुस्त होते: हे तत्त्व लोहाराच्या कानशीला ठाऊक नव्हते. परंतु ली-एनफील्डला एक मर्यादा होती. प्रत्येक गोळीनंतर शिपायाला हाताने खटका मागे ओढून पुढे लोटावा लागे.

हे काम बंदुकीनेच करावे, नळीतून मागे वळविलेल्या वायूच्या दाबाने रिकामे काडतूस फेकले जाऊन नवे आत यावे आणि शिपायाने केवळ चाप ओढावा, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाने सिद्ध करून दाखविली होती. युद्धानंतर बेल्जियममधील हर्स्टाल येथील एफ. एन. कारखान्यात ड्युडोने सेव्ह या रचनाकाराने जी बंदूक तयार केली, ती ब्रिटनने १९५४ मध्ये स्वीकारली आणि ऑस्ट्रेलियाने लिथगो येथे बनवावयास घेतली. मूळ बेल्जियन नमुना मिलिमीटरच्या मापात होता. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नमुने इंचांत उतरविलेले होते. वरवर एकच दिसणाऱ्या या बंदुकांचे कित्येक भाग त्यामुळे एकमेकांस बसत नसत.

भारतालाही अशी बंदूक हवी होती, परंतु परवान्याच्या अटींवर एफ. एन. कंपनीशी जमले नाही. तेव्हा हे काम आपल्याच शस्त्रसंशोधन संस्थेकडे आले. संरक्षण संशोधन व विकास संघटना १९५८ साली स्थापन झाली होती आणि तिची शस्त्रास्त्रांची संशोधनशाळा पुण्यास होती. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालू असल्यामुळे तोफा-बंदुकांची भाषा जाणणाऱ्या माणसांची त्या परिसरात वाण नव्हती. तेथील तज्ज्ञांनी बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन असे तिन्ही नमुने समोर ठेवले, ते उलगडले, तपासले, आणि त्यांतून निवड करीत आपला नमुना तयार केला. अशा कामाला नक्कल म्हणून हिणविण्याची एक रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. तीन जुळवाजुळवींतून चौथी सबंध वस्तू काढावयाची, तीही देशाने नुकताच दशमान पद्धतीचा स्वीकार केलेला आणि कारखान्यांतली जुनी गेजे अद्याप इंचांची असताना, हे केवळ अनुकरणाने साधत नाही. प्रत्येक भागापाशी थांबून, हा आपल्या यंत्रांवर निघेल काय, आपल्या पोलादाला पेलेल काय, आपल्या शिपायाच्या हाताला रुचेल काय, असे विचारावे लागते.

या विचाराचा एक पुरावा बंदुकीच्या दस्त्याच्या टोकालाच दिसे. नव्या बंदुकीच्या लाकडी दस्त्याला जी धातूची पट्टी बसविली, ती जुन्या ली-एनफील्डचीच होती. तिच्या झाकणाआड तेलाची कुपी आणि नळी पुसण्याची दोरी ठेवावयाची सोय होती. ईशापुरास ती पट्टी वर्षानुवर्षे बनत आली होती, शिपायाला तिची सवय होती, आणि नव्याच्या हव्यासाने ती टाकून देण्याचे कारण नव्हते. मूळ कंपनीने पुढे या बंदुकीला आक्षेप घेतला आणि तिच्याकडून आणखी बंदुका खरेदी करून ते प्रकरण मिटवावे लागले, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे. त्याने निवडीमागच्या विवेकाचे मोल कमी होत नाही.

या सर्वाला जी निकड आली ती १९६२ च्या ऑक्टोबरात. त्या महिन्याच्या १ तारखेस, १८७८ चा कायदा मागे सारून, स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र अधिनियम अंमलात आला. आणि २० तारखेस चीनने हल्ला केला, तेव्हा आपले जवान हिमालयाच्या बर्फात थ्री-नॉट-थ्रीचा खटका ओढीत स्वयंभरण बंदुकांसमोर उभे होते. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातून ही नवी स्वयंभरण बंदूक, म्हणजे एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल), झपाट्याने निघू लागली, तिरुचिरापल्लीस नवा कारखाना उभा राहिला, आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावास १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे होऊ लागली. विदर्भाच्या वाट्याला भंडाऱ्याचा स्फोटक दारूचा आणि नागपुराजवळ अंबाझरीचा कारखाना आला. त्याच १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी सरकारच्या भागीदारीने स्थापन झाली आणि गुमगावची खाण तिच्याकडे आली.

नव्या कायद्याने परवान्याची मगरूर भाषा बदलली, पण भागांविषयीची जुनी व्याख्या कायम ठेवली. अमेरिकेत आज सामान्य नागरिक दुकानातून एकेक भाग निवडून, घरच्या बाकावर आपली पहिली स्वयंभरण बंदूक जुळवू शकतो, कारण तेथील केंद्रीय कायदा मुख्य सांगाड्यालाच काय ती बंदूक समजतो. आपल्याकडे परवान्यावाचून बंदूक बनविणे, बदलणे, एवढेच काय पण धंदा म्हणून दुरुस्त करणेही निषिद्ध आहे. ही सक्ती मला योग्यच वाटते. इंग्रजांनी अविश्वासातून घातलेले बंधन आणि लोकांनी निवडलेल्या संसदेने विचारपूर्वक राखलेले बंधन यांत भेद आहे, आणि तो १९५९ च्या अधिनियमातच दिसतो: पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागण्याची वेगळी तरतूद त्यात केली आहे. लोहाराच्या भट्टीत जन्मलेल्या त्या जुन्या बंदुकीला कायद्याने दिलेली ही जागा सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्यासाठी आहे.

एसएलआरने १९७१ चे युद्ध पाहिले आणि कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्रासह साऱ्या सैन्यात दोन पिढ्यांच्या जवानांना नेमबाजी शिकविली. १९९० नंतरच्या दशकात तिची जागा इन्सास रायफलीने घेतली, आणि तीही पुण्याच्या त्याच संशोधनशाळेत रचली गेली. सैन्याने सोडलेल्या एसएलआर पोलीस दलांकडे गेल्या आणि गडचिरोलीच्या जंगलात पुढे अनेक वर्षे चालत राहिल्या.