जिव्हाळी

बँकेत दुसऱ्यांचे आकडे जुळवण्यात माझा जन्म गेला, पण आमच्या मोत्याची अठरा नखं एका बैठकीत कापणं मला अजून साधलेलं नाही. फरशीवर टकटक वाजू लागलं की सौ. म्हणते, "अहो, वेळ झाली." मोत्या तत्काळ पलंगाखाली! मग मीही पलंगाखाली डोकं घालून त्याला इतिहास ऐकवतो.

"लेका, जुन्या इंग्लंडात जन्मला नाहीस हे नशीब समज! तिथं राजाच्या राखीव अरण्यात राहणाऱ्यांच्या कुत्र्यांनी राजाच्या हरणामागं धावू नये, म्हणून त्यांच्या पुढच्या पायाची तीन बोटं नखांसकट तोडत. १२१७ साली, दहा वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या नावानं अरण्याची सनद निघाली. तिनं ही चाल बंद केली का? छे! नियमात बसवली. तळव्याची गादी सोडायची, दर तीन वर्षांनी तपासणी आणि बोटं शाबूत आढळली तर मालकाला तीन शिलिंग दंड. पूर्वी यापायी बैल ओढून नेत. तो बिचारा तेवढा सुटला."

तीन वर्षांनी इन्स्पेक्शन आणि दंडाची रक्कम ठरलेली! सनद लिहिणारा आमच्याच खात्यातला असावा. ती कायद्यातून पुरती गेली १९७१ साली. सरकारी कागद कुठलाही असो, लवकर मरत नाही.

मी तरी काय दिवे लावले? पहिल्याच खेपेला काळं नख एका झटक्यात कापलं आणि थेट जिव्हाळीला लागलं. मोत्या असा ओरडला की शेजारचे धावत आले. तुरटीची पूड दाबून धरली, रक्त थांबलं. पण पुढं कित्येक महिने त्यानं मला पाय दिला नाही.

आता मी हप्त्यानं कापतो. फिरून दमून आला की रोज एकच पाय. पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते, तिच्या अलीकडे थांबायचं. काळ्या नखाचे अगदी बारीक तुकडे काढायचे आणि कापल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की कात्री खाली. वर अंगठ्याचं नख असतं, ते जमिनीला घासत नाही. त्याला विसरायचं नाही.

राजा कापायचा तो कुत्र्यानं धावू नये म्हणून. मी कापतो ते त्याला नीट धावता यावं म्हणून. मोत्याला हे बहुधा पटलंय. हल्ली तो पाय पुढं करतो. नजर मात्र कात्रीवरून हलवत नाही. त्याच्या कुळाला आठशे वर्षांचा अनुभव आहे!