वाटीची कुळकथा

घाटंजीच्या आमच्या घरी, स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या मधल्या फळीवर, पितळेची एक वाटी असे. तिच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली आईच्या माहेरची अक्षरे राखेने आणि चिंचेने वर्षानुवर्षे घासली गेल्यामुळे इतकी झिजली होती, की ती डोळ्यांपेक्षा बोटांनाच अधिक नीट वाचता येत. याच वाटीने रोजचा तांदूळ मोजला जाई आणि याच वाटीतून शेजारी भाजी जाई. तांब्या, परात, उलथणे ही भांडी आपापल्या कामापुरती राहिली. वाटी मात्र वाढण्याचे भांडे असता असता माप झाली, आणि माप झाल्यावर तिने मराठी स्वयंपाकघराच्या व्यवहारात जे स्थित्यंतर घडवून आणले, त्याची कथा सांगावी असे माझ्या मनात फार दिवसांपासून आहे.

शब्दापासूनच आरंभ करू. नारळाच्या भकलास आपण खोबऱ्याची वाटी म्हणतो, गुडघ्यावरच्या गोल हाडास गुडघ्याची वाटी म्हणतो. तेव्हा वर्त, वर्तुळ या गोलाईवाचक संस्कृत शब्दांच्या गोत्रातच हिचा जन्म झाला असावा, असे मानण्यास जागा आहे. तिच्या जातीही धातूगणिक निराळ्या. काशाची वाटी जेवणापेक्षा तळपायास तेल लावून घासण्यासाठी अधिक प्रसिद्ध होती, आणि पितळेच्या वाटीत आंबट पदार्थ कळकतो म्हणून तिला आतून कल्हई करून घ्यावी लागे. कल्हईवाला गल्लीत भाता मांडून बसला म्हणजे घरोघरची भांडी त्याच्यापुढे एकत्र जमत. एकीची वाटी दुसरीकडे जाऊ नये म्हणून काठावर नाव कोरून घेण्याचा शिरस्ता होता, आणि लग्नात दिलेल्या भांड्यांवर तर नावाबरोबर तिथी किंवा तारीखही घातली जाई.

पण नाव कोरण्याचे खरे प्रयोजन कल्हईवाल्याचे नव्हे, शेजाऱ्यांचे होते. घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातले, वाघाडी नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. भोवती कापसाची काळी जमीन, कपाशीत मधूनमधून टाकलेली तुरीची तासे, आणि पांढरकवड्याच्या वाटेने पुढे गेले की लवकरच तेलंगणाची हद्द. पौषाच्या थंडीत ओल्या तुरीच्या शेंगा घरात आल्या म्हणजे त्या दिवशी गल्लीतल्या निम्म्या घरांत सोल्यांचीच, म्हणजे त्या शेंगांतल्या ओल्या दाण्यांचीच, आमटी शिजत असली, तरी ती वाटीतून एकमेकींकडे गेल्यावाचून राहत नसे, कारण प्रत्येकीच्या हाताची चव निराळी. आणि आलेली वाटी रिकामी परत करू नये, हा रिवाज तर इतका दृढ की, घरात काहीच नसले तर निदान साखरेची चिमूट किंवा गुळाचा खडा तिच्यात पडे. या जाण्यायेण्यातच पाककृतीची मराठीतली पहिली देवाणघेवाण झाली. दारात वाटी घेऊन उभ्या राहिलेल्या शेजारणीला आई विचारी, “काय टाकलं वं बाई याच्यात?” आणि उत्तर येई, “काही नाही माय, सोले भाजून घ्यायचे, लसूण-मिरची-सांबार संगं पाट्यावर जाडंभरडं वाटायचं, अन् पाणी अंदाजानं.” सांबार म्हणजे कोथिंबीर, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी सांगावे लागेल. त्या संभाषणात मोजमापाचा म्हणावा असा एकही अंक नसे. असे ते एकच पद, अंदाज, आणि तेही फारसीतून आलेले, ज्याचा तिकडचा सोयरा ‘अंदाझा’ म्हणजे साक्षात मापच होय.

लिहून ठेवलेल्या पाककृतीचा वंश याहून पुरातन आणि अधिक प्रतिष्ठित आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजाच्या अन्नभोगाचे प्रकरण आहे आणि आपले मांडे तेथे मंडक या नावाने विद्यमान आहेत. सतराव्या शतकातल्या रघुनाथ सूरीच्या ‘भोजनकुतूहला’त पदार्थांबरोबर त्यांचे गुणदोषही सांगितले आहेत, कारण त्या परंपरेत स्वयंपाक हा वैद्यकाचाच शेजारी मानला जाई. इंग्रजीतून आलेला, आणि आता आमच्या गल्लीतल्या मुलींच्याही तोंडी बसलेला, रेसिपी हा शब्दही वैद्यकातूनच निघाला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘घे’ असा आज्ञार्थी आहे आणि वैद्याच्या औषधपत्राचा आरंभ त्याने होत असे. या संस्कृत ग्रंथांतले ज्ञान मोठे खरे, परंतु ते राजाच्या मुदपाकखान्यासाठी आणि पंडितांच्या पोथीसाठी. आमच्या वऱ्हाडातल्या रिद्धपुरास तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘लीळाचरित्रा’त, मराठी गद्याच्या त्या आद्य ग्रंथात, अन्नाचे उल्लेख ठायीठायी येतात, पण कोण काय जेवले हे सांगणे निराळे आणि ते कसे करावे हे सांगणे निराळे. ते दुसरे काम त्यानंतरही शतकानुशतके चुलीपाशी, सासूच्या तोंडून सुनेच्या कानात, असेच चालू राहिले.

मराठीत छापलेले पाकशास्त्राचे आद्य पुस्तक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले, आणि एका स्त्रीने हजार कृतींचे दफ्तर इतर स्त्रियांच्या हाती सोपवावे ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. परंतु शेर, तोळे, मासे यांच्या जगात कृती लिहिणाऱ्यापुढे एक अडचण होतीच. बाजारातला तोलाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या सुमारे ९३३ ग्रॅमचा. पण धान्य मोजण्याचा शेर मापाचा, आणि त्याच्या भोवती चिपटे, मापटे, अधोली, पायली असे दुपटी-दुपटीने वाढत जाणारे कुटुंब, ज्याचे आकार मुलूख बदलला की बदलत. पुण्यामुंबईच्या पुस्तकातले अदपाव डाळीचे पीठ घाटंजीच्या गृहिणीने कशाने मोजावे? तिच्या घरात तराजू नव्हता. तराजू होता तो दुकानदाराकडे आणि कापसाच्या बाजारात. पुस्तक असे सांगत होते, की स्वयंपाक करण्यापूर्वी दुकान घरात आणा.

त्यातच वजनेच बदलली. १९५६ च्या कायद्यान्वये दशमान वजने-मापे आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारात रुजू झाली. त्याच्या आदल्या वर्षी आण्याच्या जागी नवा पैसा आलेला होता. १९५६ मध्येच आमचा वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला होता. तेव्हा त्या चार-पाच वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाचे राज्य, नाणे आणि शेर ही तिन्ही बदलली. तोळ्यामाशांत लिहिलेली जुनी पुस्तके नव्या सुनेला दुर्बोध झाली आणि ग्रॅमचा परिचय तिला अद्याप व्हायचा होता. अशा संधिकाळात, १९७० साली, कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले.

कमलाबाईंचा जन्म १९१३ सालचा, सांगलीकडल्या कुंडल गावचा. शाळेचे शिक्षण चौथीपर्यंत, आणि पाककलेचे सासरी सासूबाईंच्या हाताखाली. त्यांनी आपल्या पुस्तकात प्रमाण घेतले ते वाटीचे आणि चमच्याचे. ही गोष्ट आज इतकी मामुली वाटते की तिचे श्रेय कोणास द्यावे असे आपल्या मनातही येत नाही, परंतु माझ्या मते एकोणीसशे सत्तर सालचा तो निर्णय मराठी पाकशास्त्राच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. कारण पाककृतीचा प्राण वजनात नसून परस्परप्रमाणात आहे, हे सत्य त्यात आपोआप मान्य झाले. दोन वाट्या तांदळास एक वाटी जाड भरडलेले डाळीचे पीठ घेतले की गोळाभात होतो. मग ती वाटी माझी असो की कुंडलची असो, लहान असो की मोठी असो, गोळा तितकाच बसतो आणि भात तितकाच पुरतो. सासूपासून दूर, परगावी, परदेशी संसार थाटणाऱ्या मुलींच्या पेटीत हे पुस्तक गेले, त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या, आणि कमलाबाईंना लोक लाख सुनांची सासू म्हणू लागले ते उगीच नव्हे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेजारधर्माची जी वाटी मी वर वर्णिली, ती सर्व दारी जात नसे. शिजवलेल्या अन्नाच्या वाटीला गावात हद्दी होत्या. ती कोणत्या आळीपर्यंत जाईल आणि कोणत्या आळीतून येईल हे जातीने ठरवून ठेवलेले होते, आणि गावाबाहेरच्या वस्तीत किंवा कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे पाड्यावर, रानभाजी कशी करतात, तरोट्याचा कोवळा पाला कसा निवडतात, हे त्यामुळेच आमच्या घरात फार उशिरा, आणि तेही बाजारात भाजी विकायला बसलेल्या बाईच्या तोंडून, कळले. अंबाडीची भाजी इकडे आम्ही भाकरीशी खातो आणि हद्दीपलीकडे तेलुगू माणूस तिलाच गोंगूरा म्हणून भाताशी खातो. परंतु ही तुलना करण्याइतकी वाटी तरी कधी तेथवर पोचली होती? मापाच्या वाटीला मात्र ही हद्द नव्हती. ‘एक वाटी’ असे शब्द कागदावर उमटले की ते कोणत्याही दारातून आत जात आणि कोणाच्याही चुलीवर तितकेच खरे ठरत.

आईने पुढे एक वही घातली. शाळेच्या दुरेघी वहीत, डाव्या अंगास ‘साहित्य’ आणि उजव्या अंगास ‘कृती’ असे समास आखून, तिने गल्लीतून गोळा केलेल्या रीती नमूद केल्या, आणि प्रत्येकीपुढे ती कोणाकडून आली तेही, ‘समोरच्या काकूंची’, ‘यवतमाळच्या आत्याची’, अशा तपशिलाने लिहिले. सोल्यांच्या आमटीपुढे एक वाटी सोले आणि चार वाट्या पाणी असे आहे. परंतु त्याखाली पेन्सिलीने, नंतरच्या कोणत्या तरी वर्षी घातलेली पुरवणी आहे, की शेंगा जून झाल्या असल्यास अर्धी वाटी पाणी जास्त घालावे, कारण निबर दाणा वाटल्यावर आमटी घट्ट होते. मापाने जेथे हात टेकले तेथे अंदाजाने पुन्हा कारभार हाती घेतला, त्याचा हा लेखी दाखला मला त्या वहीतल्या सर्व पानांत अधिक प्रिय आहे.

आईच्या पश्चात मी तिच्या वहीवरून प्रथम डाळीचे वडे केले तेव्हा मीठ फार झाले. दोष वहीचा नव्हता. मीठ चमच्यांत सांगितलेले होते आणि डाळ वाट्यांत, आणि माझी स्टीलची वाटी तिच्या पितळेच्या वाटीहून बरीच लहान निघाली. वाटी-वाटीचे प्रमाण कोणत्याही वाटीने जुळते, पण वाटी आणि चमचा यांचा मेळ त्या-त्या घरचाच असतो, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरी अशा हस्तलिखित वह्या अजून आहेत त्यांस, माझी विनंती आहे: वही जपताच आहात, तर ज्या वाटीने आणि ज्या चमच्याने ती लिहिली गेली, तीही शोधून काढा, वाटीत काठोकाठ पाणी भरून ते मापून घ्या, आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आमच्या वाटीत ते १८० मिलिलिटर भरले.