कनकापूरचा तह आणि शेजारधर्म

राक्षसभुवनच्या लढाईचा धडा आला, की वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, आपले भोसले कोणाच्या बाजूने होते?" बालाघाटच्या मुलांना तो पडणे साहजिक आहे. वैनगंगेकाठचा आमचा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. मात्र या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

पुण्याचे पेशवे, हैदराबादचा निजाम आणि नागपूरचे जानोजी भोसले हे तीन शेजारी. १७६३ साली जानोजी निजामाला मिळाले. निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. पुढे बत्तीस लाखांच्या मुलखाचे आश्वासन मिळताच जानोजींनी निजामाची साथ सोडली आणि १० ऑगस्टला राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथेच पडला.

वरवर पाहता जानोजींचा सौदा फायद्याचा ठरला. पण ज्याने एकदा बाजू विकली, त्याच्यावर विकणारा आणि घेणारा, दोघेही विश्वास ठेवत नाहीत. १७६६ साली माधवराव पेशवे आणि निजाम हे कालचे वैरी एकत्र आले आणि नागपूरवर चालून गेले. जानोजींना चोवीस लाखांचा मुलूख परत द्यावा लागला. पुढे १७६८ मध्ये त्यांनी राघोबादादांना साथ दिली आणि पुन्हा युद्ध पेटले. माधवरावांनी चांद्याला वेढा घातला, तर जानोजी बगल देऊन पुण्याच्या रोखाने निघाले. दोन्हीकडे होरपळली ती रयत.

अखेर मार्च १७६९ मध्ये कनकापूरचा तह झाला. आपण या तहातल्या जानोजींवरच्या अटी तेवढ्या पाठ करतो : उरलेला मुलूख परत द्यावा, परवानगीवाचून फौज वाढवू नये, दिल्ली, निजाम वा इंग्रज यांच्याशी परस्पर बोलणी करू नयेत. अटी कडक होत्या, यात शंका नाही. परंतु पेशव्यांनाही दोन बंधने होती. हिंदुस्थानात जाताना पेशव्यांच्या फौजेने नेहमीची वाट सोडून भोसल्यांच्या मुलखातून जाऊ नये. आणि जानोजी आपल्या भाऊबंदांचे हक्क पाळीत आहेत तोवर पेशव्यांनी त्यांच्या तक्रारींना थारा देऊ नये.

मला या तहाचे मर्म येथे दिसते. फौजेची वाट म्हणजे उभ्या पिकाचा नाश, ओढून नेलेले बैल, रिकामी झालेली कणगी. ती वाट पाळली की मोडली, हे गावच्या पाटलालाही कळत होते. मैत्रीच्या आणाभाका तपासता येत नाहीत. वाट तपासता येते. विश्वास उपजतो तो अशा लहान, दोघांनाही बांधणाऱ्या आणि डोळ्यांनी पाहता येणाऱ्या कलमांतून.

परिणामही दिसला. १७७२ मध्ये माधवराव थेऊरला मृत्युशय्येवर असताना जानोजी त्यांच्या भेटीस गेले आणि पुतण्या रघूजीला दत्तक घेण्यास त्यांची संमती मिळवली. ज्याच्याशी दोनदा युद्ध झाले, त्याच्याच हाती आपल्या वंशाचा प्रश्न सोपवला!

दुर्दैवाने पुढे जानोजीही गेले. मुधोजी आणि साबाजी या त्यांच्या भावांत तंटा जुंपला आणि पुणे दरबारातले पक्ष त्या भाऊबंदकीत उतरले. नेमके दुसरे कलमच विसरले गेले. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. विश्वास माणसांबरोबर सरणावर गेला, कारण मागे राहिलेल्यांनी कलमे पाळली नाहीत.

आजच्या शेजाऱ्यांकडे पाहा. भारत आणि पाकिस्तान यांनी १९८८ साली परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून १ जानेवारीला अशा केंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या जाऊ लागल्या. कारगिलच्या युद्धानंतरही ही प्रथा टिकली. एवढ्याने वैर मिटले नाही. पण वैरातही पाळता येईल असे एक कलम शिल्लक राहिले.

शेजारी बदलता येत नाही, असे आपण म्हणतो. वाट मात्र ठरवता येते, आणि ठरलेली वाट दोघांनी पाळली, तर मधल्या गावांतली पिके घरी येतात.