ग्रेट झिम्बाब्वे नक्की कोणी बांधलं?

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे या देशाला ज्या दगडी शहरावरून नाव मिळालं, ते शहर आफ्रिकी लोकांनी बांधलंच नाही, असं गोरे राज्यकर्ते कित्येक दशकं सांगत राहिले.

इथल्या ग्रॅनाइटच्या भिंती चुना न वापरता रचलेल्या आहेत, काही ठिकाणी ११ मीटर उंच. १८७१ मध्ये जर्मन प्रवासी कार्ल माउख तिथे पोहोचला. दारावरचं लाकूड त्याला आपल्या पेन्सिलच्या लाकडासारखं वाटलं. म्हणजे ते लेबनॉनचं देवदार, म्हणजे ही वास्तू शेबाच्या राणीची! पुढे १९०२ पासून रिचर्ड हॉलने आफ्रिकी वस्तीचे थर कचरा समजून खणून काढले. पुरावाच गेला.

१९०५ मध्ये मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी बांधकाम स्थानिकांचंच असल्याचं दाखवलं. ते शोना लोकांच्या पूर्वजांनी साधारण ११ व्या ते १५ व्या शतकात केलं. तिथे भारतातले काचेचे मणीही सापडले, पण त्यावरून व्यापार सिद्ध होतो, बांधणारे भारतीय होते असं नव्हे.

तरीही दंतकथा टिकली, कारण ती सोयीची होती. स्थानिकांनी काहीच उभारलं नाही म्हटलं, की त्यांची जमीन घेणं खटकत नाही. १९६५ नंतर ऱ्होडेशियाच्या सरकारने अभ्यासकांवर दबाव आणला. पीटर गार्लेक यांनी १९७० मध्ये देश सोडला. १९८० मध्ये स्वातंत्र्य मिळालं, आणि या अवशेषांतला दगडी पक्षी राष्ट्रध्वजावर आला.