ऑफ सीझन

नेवासा म्हटलं की ज्ञानेश्वरी आठवते, प्रवरेचा काठ आठवतो, पैस खांब आठवतो. पाणबुडी काही कुणाला आठवत नाही. साहजिकच आहे, समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरहून लांब. पण मुंबईच्या माझगाव डॉकची एक गोष्ट समजून घ्यायची असेल, तर सुरुवात नेवाशापासून केलेली बरी.

नेवासा तालुक्यात दोन मोठे सहकारी साखर कारखाने आहेत, सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर. साखर कारखाना म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर ऊस, ट्रॅक्टर आणि निवडणुका येतात. आतून पाहिलं तर तो पाइपांचा कारखाना असतो. वाफेचे पाइप, रसाचे पाइप, पाण्याचे पाइप. आजकाल वीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यांत बॉयलरचा दाब ६७ किलो प्रति चौरस सेंटीमीटर किंवा त्याच्याही वर असतो. अशा पाइपला जोड द्यायचा तर साधा वेल्डर चालत नाही. बॉयलर कायद्याखाली परीक्षा दिलेला, ज्याला सगळे 'आयबीआर वेल्डर' म्हणतात, तोच लागतो. त्याचा जोड एक्स-रे काढून तपासतात.

आता गंमत बघा. गाळप चालतं वर्षातले चार-पाच महिने. मग उरलेल्या महिन्यांत या फिटर-वेल्डरांचं काय? काही कायम नोकरीत असतात, ते ओव्हरहॉलिंग करतात. हंगामी कुशल कामगाराला काम नसतानाही पगाराचा काही हिस्सा मिळतो. त्याला 'रिटेन्शन अलाउन्स' म्हणतात. साखर उद्योगासाठी केंद्र सरकारने पहिलं वेतन मंडळ नेमलं १९५७ मध्ये. अशी मंडळं आणि त्यानंतरचे करार यांतून कामगार संघटनांनी हा भत्ता टिकवून धरला. मालकाचंही त्यात हित असतं, कारण बॉयलर पेटवायच्या दिवशी ओळखीचा, हात बसलेला माणूस हजर पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर हा 'बेंच'. प्रोजेक्ट नाही, पण माणूस सोडायचा नाही.

एवढं लक्षात ठेवून आता मुंबईला चला.

माझगावला पहिली गोदी झाली १७७४ मध्ये. माझगाव डॉक ही कंपनी १९३४ ची, ती सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला. संरक्षण खात्याचे नागरी कामगार त्यात होते आणि संपाच्या कृती समितीचे अध्यक्ष होते एस. एम. जोशी. तेच एसेम, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले. मागणी होती महागाईशी जुळणाऱ्या पगाराची. सरकारने वटहुकूम काढला आणि संप पाच दिवसांत मागे घ्यावा लागला.

माझगावला बांधलेली 'नीलगिरी' ही फ्रिगेट २३ ऑक्टोबर १९६८ रोजी पाण्यात उतरली आणि ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. आराखडा ब्रिटिश, हात इथले. ती वाफेवर चालायची, म्हणजे बॉयलर, टर्बाइन आणि मधे पाइपच पाइप. साखर कारखान्याची चुलत बहीणच म्हणा ना! फरक इतकाच, की इथे जमीन हलते आणि पाइप वळवायला जागा नसते.

पाणबुडीत तर ती जागा आणखी कमी. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. दोनशे मीटरवर बाहेरून वीसपट जास्त दाब, आणि समुद्राचं पाणी वाहून नेणारा पाइप आत. त्याचा एक जोड चुकला तर मग चर्चेला कुणी उरत नाही.

डिसेंबर १९८१ मध्ये भारताने जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन जर्मनीत कील इथे बांधायच्या, दोन माझगावला. आपली माणसं कीलला जाऊन शिकून आली. त्यातून 'शाल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात आली, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. मग २८ मे १९९४ रोजी 'शंकुल'. आणि मग... काही नाही.

१९८७ मध्ये करारात दलालीचे आरोप झाले होते. पुढच्या दोन पाणबुड्यांचा विचार बारगळला. पुढचा करार, फ्रेंच स्कॉर्पिनचा, व्हायला ऑक्टोबर २००५ उजाडलं. मधली अकरा वर्षं गोदीत पाणबुडीचं बांधकाम नाही. शिकलेली माणसं दुसऱ्या कामांवर गेली, बाहेर पडली, निवृत्त झाली. २००५ नंतर बरंचसं पुन्हा शिकावं लागलं आणि पहिली 'कलवरी' नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ रोजी. शंकुलनंतर तब्बल तेवीस वर्षांनी! उशिराची कारणं इतरही होती, पण हे एक नक्कीच होतं.

दलाली कुणी खाल्ली यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. वेल्डरचा हात गेला, त्याचा पंचनामा कुणी केला नाही. डॉक्युमेंट्स सगळी कपाटात असतील हो, पण उताणं पडून, आरशात बघत, डाव्या हाताने जोड कसा मारायचा हे कुठल्या डॉक्युमेंटात लिहिलेलं असतं?

हीच उधळपट्टी आपण जहाजावरून उतरणाऱ्या माणसांच्या बाबतीतही करतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचं बंड झालं. निकृष्ट जेवण, गोऱ्यांची वागणूक या तक्रारी सगळ्यांना माहीत आहेत. पण युद्ध संपल्यावर घरी पाठवणार, मग पुढे काय, हाही प्रश्न त्यात होता. २२ फेब्रुवारीला मुंबईतले कामगार त्यांच्यासाठी संपावर गेले. आज लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकलेला, इंजिनरूममध्ये पंधरा-वीस वर्षं काढलेला नौसैनिक ऐन उमेदीत निवृत्त होतो. त्याला व्हॉल्व्ह, पंप, पाइप तोंडपाठ असतात. आणि आपण 'माजी सैनिक' ऐकलं की सोसायटीच्या गेटवरची खुर्ची दाखवतो.

स्कॉर्पिन मालिकेतली सहावी आणि शेवटची 'वाघशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. गंमत म्हणजे त्याच दिवशी नवी 'नीलगिरी'ही आली. आणि त्या दिवसापर्यंत पुढच्या पाणबुड्यांचा करार झालेला नव्हता.

म्हणजे पुन्हा ऑफ सीझन. ऊस तरी दर वर्षी पिकतो, म्हणून भेंड्याच्या फिटरला माहीत असतं की दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटेल. माझगावच्या फिटरला ते कोण सांगणार?