वेताळाचा एक अंक, तीन तारखा

संशोधनाची तयारी करताना कधीतरी तुम्हाला एखाद्या नियतकालिकाच्या एकाच अंकाचं परीक्षण लिहायला सांगतील. बहुतेक जण गोष्ट सांगतात, चित्रं छान आहेत म्हणतात आणि थांबतात. आपण जरा पुढे जाऊ. उदाहरण घेऊ इंद्रजाल कॉमिक्सच्या पहिल्या अंकाचं.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. पहिल्या अंकाचा नायक फँटम, म्हणजे आपल्या मराठी वाचकांचा वेताळ. वडिलांच्या खुन्यानं पळवलेला पट्टा मुलगा परत मिळवतो, एवढीच गोष्ट. मग यात इतिहास कुठे आहे?

तो तारखांमध्ये आहे. ली फॉक या अमेरिकन लेखकानं फँटम आणला १९३६ साली, वर्तमानपत्रात रोज छापल्या जाणाऱ्या चित्रपट्टीत. पट्ट्याची गोष्टही आधी तशीच आली होती. म्हणजे अंकावर १९६४ असलं, तरी गोष्ट त्याहून जुनी. जंगलातल्या लोकांचं रक्षण पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा माणूस करतो, ही कल्पना वसाहतींच्या काळातली. ती ‘१९६४चा भारतीय विचार’ म्हणून मांडलीत, तर तुमचा पुरावाच चुकीच्या काळात जाऊन बसेल.

मग १९६४चं त्यात काय? जे बदललं ते. मूळ गोष्टीत खुन्याचं नाव ‘रामा’ होतं, इंद्रजालमध्ये तो ‘रामलू’ झाला. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ चाचे झाले. बंगालची आठवण करून देणाऱ्या नावाचं जंगल ‘डेंकाली’ झालं. वाचक कशानं दुखावेल, याचा प्रकाशकाचा अंदाज इथे दिसतो. आता गंमत बघा. खलनायकाकडून देवाचं नाव काढून घेतलं आणि मराठीत नायकाला दिलं ते वेताळाचं! फँटम म्हणजे भूत, आणि भुतांचा राजा वेताळ आपल्याकडे गावाच्या वेशीबाहेर शेंदूर लावून बसलेला असतोच. परका नायक त्या एका शब्दानं ओळखीचा झाला. परीक्षणात नोंदवायची जागा ही.

तिसरी तारीख वाचनाची. समजा, मुरुडमधले एखादे आजोबा म्हणाले, “मी शाळेत असताना लातूर जिल्ह्यात वेताळ वाचायचो.” लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधी मुरुड उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. म्हणून आजोबा खोटं बोलतात का? अजिबात नाही. माणूस जुनी गोष्ट आजच्या नावानं सांगतो, इतकंच. आठवण ठेवा, पण साल दुसऱ्या पुराव्यावरून ठरवा: कितवीत होते, शिक्षक कोण होते, अंकावर किंमत किती छापली होती, आत वाचनालयाचा शिक्का आहे का. रद्दीत अंक सापडला तर पेन्सिलनं लिहिलेलं मुलाचं नावसुद्धा पुसू नका. प्रबंधात मात्र ते नाव विचारल्याशिवाय छापायचं नाही.

हे सगळं कशासाठी? कारण “वेताळ वाचून मराठवाड्यातली मुलं गोऱ्या माणसाला रक्षक मानू लागली” असं वाक्य लिहायचा मोह फार होतो. अंकावरून प्रकाशकाला वाचक कसा वाटत होता ते कळतं. वाचकाला काय वाटलं, ते अंकात छापलेलं नसतं. त्यासाठी माणसांकडे जावं लागतं, आणि १९६४ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरी ओलांडून गेलंय. अंक एखाद्या संग्रहात पुढेही मिळेल, ती माणसं तेवढा वेळ थांबणार नाहीत.

तेव्हा पुढचं परीक्षण लिहायला घ्याल, तेव्हा कागदावर आधी तीन ओळी काढा: गोष्ट कधी रचली, अंक कधी छापला, वाचला कधी आणि कुणी. तिसरी ओळ कोरी राहिली, तर घरातल्या थोरांपासून विचारायला सुरुवात करा.