नवं पशुवैद्यकीय कॉलेज : इमारतीपलीकडे काय लागतं?

2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरातल्या मेलेल्या कोंबड्यांचे नमुने भोपाळला गेले. तिथल्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केलं. देशातली ही पहिलीच साथ. पण लॅब कितीही भारी असो, गोठ्यात आधी पोचतो तो गावाकडचा जनावरांचा डॉक्टरच.

हे डॉक्टर घडवणारी मध्य प्रदेशची जुनी सरकारी कॉलेजं भोपाळबाहेर आहेत : जबलपूर (1948), महू (1955), नंतर रीवा. तिन्ही जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाखाली. नानाजी मूळचे हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. महाराष्ट्रात हे काम नागपूरचं ‘माफसू’ बघतं.

नवं कॉलेज काढायचं तर वर्गखोल्या बांधून भागत नाही. रोज पेशंट येणारं जनावरांचं हॉस्पिटल आणि स्वतःचा पशुधन फार्म लागतो. म्हैस अडली तर वासरू कसं सोडवायचं, हे फळ्यावर शिकता येत नाही.

पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. बऱ्हाणपूर, बैतूलच्या मुलांना महाराष्ट्रात किंवा अमरावतीच्या मुलांना तिकडे शिकायचं असेल, तर ‘नीट’च्या गुणांवर भरला जाणारा 15 टक्के अखिल भारतीय कोटा पाहावा. पास झाल्यावर पशुवैद्यक परिषदेत नोंदणी करावी लागते. त्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही.